दत्ता, गाऱ्हाणं कुणाला घालायचं?

दत्ता,

तू गेलास आणि मला भांडायला माणूस उरला नाही. बायको म्हणते, माझ्याशी भांडा. तिच्याशी काय भांडणार? ती दोन वाक्यांत बरोबर ठरते आणि भाजी ढवळायला लागते. तुझ्याशी भांडायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ जायची, दोघांच्या घरून जेवायला हाका यायच्या, आणि शेवटी तू उठून लुंगी झटकून म्हणायचास, "उद्या बोलू, मध्या. तुझा चुकता खय तां उद्या सांगतंय." तो उद्या गेले काही महिने येतच नाही.

लोकांना वाटायचं, या दोघांचं काही जमत नाही. जमायचं काय कारणही नव्हतं म्हणा. तू मालवणकडचा, गिरणीत साचे चालवलेला, संपात सगळं गेल्यावर हायवेजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन झालेला. मी विमा कंपनीतला कारकून, युनियनचं थोडंफार काम करणारा, तोंडाने फटकळ, आणि तुझ्या भाषेत 'घाटी'. तू टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत, मी खाली हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत. मधोमध तो पालिकेचा दवाखाना. कांदिवलीच्या या टोकाला तेव्हा दुसरं सरकारी म्हणावं असं होतंच काय? पाण्याचा नळ आणि हा दवाखाना. नळाला पाणी नसायचं आणि दवाखान्यात डॉक्टर.

आपली ओळख त्या दवाखान्याच्या बंद दारापुढेच झाली. आठवतं तुला? माझ्या वडिलांच्या पायाला जखम होती, साखरेची, भरतच नव्हती. दिवसाआड ड्रेसिंग. मी ऑफिसला उशिरा जायची परवानगी काढून त्यांना हाताला धरून आणलं तर दाराला आतून कडी. वेळ संपायला अजून बराच अवकाश होता. मी सरळ दारावर लाथ मारणार होतो. तू उंबऱ्यावर बसला होतास, नाइट करून आलेला, डोळे तांबारलेले. म्हणालास, "थांबा ओ. लाथ मारलास तर सिस्टर घाबरतली. मी बघतंय." आणि दाराच्या फटीला तोंड लावून इतक्या मायेने बोललास, "बाये, म्हातारो माणूस भायर उभो आसा. तुझ्या बापाशीच्या वयाचो आसा. उघड बघूया." कडी निघाली.

त्यानंतर तू रोज ड्युटी सुटली की घरी जायच्या आधी तिथे येऊन उंबऱ्यावर ठाण मांडायचास. तू बसलेला असलास की सिस्टरला दार लावता यायचं नाही. तुला ओलांडून दार कसं लावणार? ती चिडायची, "परब, तुम्हाला घरदार नाही का?" तू म्हणायचास, "आसा ना. पण थंय गर्दी लय." बाबांचा पाय वाचला तो त्या उंबऱ्यामुळे. मोठ्या हॉस्पिटलात एकाने तर कापायचीच भाषा केली होती. बाबा पुढे चांगले चालते-फिरते राहिले, नातवाला बागेत घेऊन जायचे. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आपल्यात थँक यू म्हणायची पद्धत नाही, तू तर थोबाडच फोडलं असतंस. पण मला ते म्हणायचं होतं, दत्ता. फार वेळा जिभेवर आलं आणि त्याच जिभेने मी तुझ्याशी भांडण उकरून काढलं.

भांडण एकच होतं, आणि ते गाऱ्हाण्यावरून होतं.

गाऱ्हाणं काय चीज असते हे मला तूच दाखवलंस. मी आपला समजत होतो, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. तुमच्याकडे मात्र तो एक सोहळाच. एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो, सगळ्या गावाच्या वतीने मोठ्या आवाजात देवाशी बोलतो, आणि दर वाक्याला मागचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" वस्तीत कुणाचं लग्न असो की गणपती, गाऱ्हाणं घालायला तूच. तुझा आवाज गिरणीत साच्यांच्या खडखडाटावर कमावलेला. खालच्या आमच्या बिल्डिंगीत रेडिओ ऐकू यायचा नाही.

दवाखान्यात माघात सत्यनारायण असायचा. त्या एका दिवशी मात्र सगळं झकास. भिंतींना चुना, पडदे धुतलेले, औषधांचं कपाट भरलेलं, आणि नगरसेवकापासून वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत सगळे प्रसादाला हजर. दुसऱ्या दिवशी परत ये रे माझ्या मागल्या. त्या वर्षी आरती झाली आणि तू नारळ घेऊन उभा राहिलास. मला वाटलं, देवापुढे उभा राहशील. तू पाठ केलीस देवाकडे आणि तोंड केलंस खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याकडे.

"बा देवा म्हाराजा!" तू सुरू केलंस. "आज ह्या टेकडेवरची पोरांबाळां तुझ्याकडे इली हत."

मागून सगळी वस्ती, "व्हय म्हाराजा!"

"तू आमका दवाखानो दिलंस."

"व्हय म्हाराजा!"

"दवाखान्याक दार दिलंस, खिडकी दिलंस, टेबल दिलंस, खुर्ची दिलंस."

"व्हय म्हाराजा!"

"पण खुर्चीत बसूक डॉक्टर देवचो इसारलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"तर काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल, आणि आमच्या डॉक्टराक जी काय इडापिडा आड येता ती दूर करून तेका हंय बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इतकं मोठ्याने की पूजेचा भटजीही दचकला.

तो अधिकारी तुमच्याच वेंगुर्ल्याकडचा निघाला. त्याचे कान लाल झाले. इतरांना ती करमणूक वाटली असेल, पण त्याला पक्कं कळलं होतं की हे गाऱ्हाणं आहे आणि समोर उभा आपण आहोत. नारळ त्याच्या हातात दिलास तेव्हा त्याने तो मुकाट कपाळाला लावला, मी जवळ उभा होतो. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर आला. तरुण पोरगा, नवा कोरा, रोज यायचा. टेकडीवर तुझी मिरवणूक काढायचीच बाकी होती. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. आणि रागही आला. आम्ही वर्षभर अर्ज करत होतो, सह्या गोळा करत होतो, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होतो. तुझा एक नारळ आणि काम फत्ते.

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, "दत्ता, तो अधिकारी नोकर आहे. तुझा, माझा. त्याला तू देव केलास."

तू म्हणालास, "मध्या, तुका देव काय तां म्हायत नाय."

"मला माहीत आहे. देव म्हणजे ज्याला जाब विचारता येत नाही तो."

तू हसलास. तुझं ते बिडी बाजूला घेऊन हसणं. "तुमच्या घाटावरचो देव तसो असात. आमच्या देवाक गाऱ्हाणा घातला काय तो बांधलो जाता. फुडल्या वर्साक आमी तेका इचारतो, काय रे बाबा, सांगितल्ला तां केलंस काय? आणि केल्यान नाय तर तेका तोंडार सांगतो. देवाक पण जबाब देवचो लागता."

"आणि नाही दिला तर?"

"तर फुडल्या वर्साक परत."

"हेच ते! परत परत हात जोडायचे. लायकी नाही त्याची."

"हात खय जोडलंय मी? माझ्या हातात नारळ होतो."

यावर मी आवाज चढवला. तूही चढवलास. वहिनी भाकऱ्या टाकता टाकता म्हणाल्या, "दोगांय गप रवा, शेजारी पोरगी अभ्यास करता." आणि भांडण दुसऱ्या दिवशीवर गेलं.

पुढच्या वर्षी मात्र त्याच गाऱ्हाण्याने आपली वाट लावली. तोवर तो तरुण डॉक्टर अर्धा आमच्याकडे, अर्धा दुसरीकडे झाला होता. बदली अधिकारी आला होता, घाटावरचा, माझ्यासारखा. त्याला नारळ म्हणजे सत्कार एवढंच कळत होतं. तू गाऱ्हाणं घातलंस, जोरात घातलंस, पूर्वीपेक्षा भारी. लोक तयारच होते. आणि तुझं संपतं न संपतं तोच नगरसेवक उठला, माइक हातात घेतला. हुशार माणूस. त्याने तुझीच चाल उचलली.

"परब बोलले ते सगळं खरं!" तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

"डॉक्टरांची सगळीकडेच टंचाई आहे!"

"व्हय म्हाराजा!"

"तोवर एका डॉक्टरला दोन-तीन दवाखाने सांभाळावे लागतील!"

"व्हय म्हाराजा!"

"आपण सगळे पालिकेला सहकार्य करणार ना?"

"व्हय म्हाराजा!"

दत्ता, मी ओरडत होतो, अरे गप्प बसा, काय बोलताय! माझा आवाज कुणाला ऐकू गेला? लोकांची जीभ तालावर गेलेली. मोठ्याने कुणी काही म्हटलं आणि थांबलं की उत्तर द्यायचंच, ही पिढ्यान्पिढ्यांची सवय. बाया, म्हातारे, कडेवरची पोरंसुद्धा. तुझ्या तोंडाकडे मी पाहिलं. तुला कळलं होतं. नारळ हातातच राहिला होता. त्या दिवसापासून जिथे म्हणून आम्ही डॉक्टरसाठी गेलो, तिथे एकच ऐकलं: "अहो, तुमच्या लोकांनीच तर जाहीर सभेत मान्य केलंय."

मी तेव्हा तुला फार बोललो. तुझ्या घरी न येता रस्त्यातच बोललो, चारचौघांत. तू एवढंच म्हणालास, "लोकांचो काय दोष नाय रे. तेंका इचारला, तेनी जबाब दिल्यानी. आजपर्यंत तेंका कोणी इचारल्लाच नव्हता." मग आठवडा-पंधरवडा आपण तोंड फिरवून गेलो. मग तूच एक दिवस आमच्या जिन्यात येऊन बसलास, कसलंसं वाटण घेऊन, वहिनींनी पाठवलेलं. भांडण पुन्हा सुरू झालं, म्हणजे सगळं ठीक झालं.

आता त्या दिवसाचं लिहितो. लिहायचं जिवावर आलंय, पण ते टाळून पुढे कसा जाऊ.

दुपार होती. तू ड्युटीवरून येताना चढावर बसलास, छातीला हात लावून. पोरांनी मला हाक मारली, मी रजेवर होतो म्हणून घरी सापडलो. तुला धरून आम्ही जवळ म्हणून तिथेच नेलं, दुसरीकडे कुठे नेणार? दवाखाना उघडा होता. मी तुला खोटं सांगणार नाही, दार सताड उघडं होतं. सिस्टर होती. डॉक्टर नव्हता, कारण तो वार दुसऱ्या दवाखान्याचा होता. सिस्टरने तुला टेबलावर घेतलं, शर्टाची बटणं काढली, नाडी धरून बसली. म्हणाली, "मला इंजेक्शन द्यायची परवानगी नाही हो, डॉक्टर लागतात. मोठ्या हॉस्पिटलला न्या, लवकर न्या." आणि रडायला लागली.

आणि तू, शहाण्या, त्या अवस्थेत तिला काय म्हणालास? "रडा नको, बाये. तुझो काय एक दोष नाय."

रिक्षा मिळाली. हायवेचा सिग्नल काही सुटेना. तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं, जड, गरम. मी बडबडत होतो, दत्ता, आलंच बघ, झालंच. तू काही बोलला नाहीस. सिग्नल सुटायच्या आधीच तू गेला होतास, पण मला ते हॉस्पिटलच्या दारात कळलं. नंतर वहिनींनी विचारलं, काय म्हणाले शेवटी? मी म्हटलं, तुमचं नाव घेतलं. मला दुसरं काय सुचणार होतं?

तुझं ते वाक्य माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळतंय. तुझो काय दोष नाय. नव्हताच तिचा, मान्य. मग मी तेरावं झाल्यावर निघालो, कुणाचा होता ते विचारायला. डॉक्टर तर आपणहून तुझ्या घरी आला होता, खाली जमिनीवर बसला. म्हणाला, "काका, मला तीन दवाखाने दिलेत. त्या दिवशी तिकडे बाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. मी कुठे कुठे मरू?" त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. त्याच्यावर कसा ओरडू? वॉर्ड ऑफिसात गेलो. ते म्हणाले, डॉक्टर नेमणं आमच्याकडे नाही, वर आहे. वर गेलो. वर म्हणाले, तुमच्या दवाखान्याची जागा भरलेली आहे, डॉक्टर तुमच्याकडे नेमलेला आहे, तो दुसरीकडे पाठवायचा निर्णय वॉर्डाचा. परत वॉर्डात. ते म्हणाले, तो निर्णय लोकप्रतिनिधींना विश्वासात घेऊन झाला. नगरसेवकाकडे गेलो. त्याने पाणी दिलं, चहा दिला, डोळे पुसले, खरंच पुसले, आणि म्हणाला, "लोकांच्या संमतीनेच झालं ना ते. परबही तिथे होते."

मी एवढा थकलो होतो, दत्ता, की त्याच्या कानाखाली वाजवायचंही सुचलं नाही. चहा पिऊन उठलो. सगळं नियमाप्रमाणे होतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं आणि तू मेला होतास. तू असतास तर म्हटलं असतं, बघ, तुझा देव कुठे कुठे लपलाय बघ, नारळ घेऊन कुणासमोर उभा राहणार आहेस तू? तूही काहीतरी बेरकी उत्तर दिलं असतंस. ते काय असेल याचा मी अजून विचार करतोय.

मग शोकसभा. दवाखान्यापुढच्या मोकळ्या जागेत, मांडव घालून. तुझा तो ड्युटीच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो मोठा करून आणला होता, त्यात तू कुणावर तरी वैतागल्यासारखा दिसतोस. माझ्यावरच असशील. नगरसेवक बोलला, चांगलं बोलला. आणि शेवटी म्हणाला, "या दवाखान्याला आपण परबांचं नाव देतोय." टाळ्या म्हणजे काय टाळ्या! बाया डोळ्यांना पदर लावून टाळ्या वाजवत होत्या.

मी उभा राहिलो. म्हटलं, "नाव नको. डॉक्टर द्या. पूर्ण वेळचा. आणि तो मिळेपर्यंत इथे पाटी लावायची नाही." मला वाटलं, लोक माझ्या बाजूने उठतील. त्यांच्याच घरातला माणूस गेला होता ना? लोक माझ्यावरच खवळले. मेलेल्या माणसाचा मान याला बघवत नाही. जिवंतपणी भांडला, आता मेल्यावरही पिच्छा सोडत नाही. एक जण तर म्हणाला, "बस खाली रे, घाट्या." तू म्हणायचास तसं प्रेमाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांची परवानगी लागणार होती, घरच्यांचा होकार. मी त्यांना समजावलं. म्हटलं, वहिनी, ही पाटी म्हणजे त्यांची सुटका आहे. पाटी लागली की डॉक्टरचा विषय संपला. तुम्ही 'नाही' म्हणा, मग बघू कसे देत नाहीत. दत्ता असता तर तो काय म्हणाला असता, तुम्हीच सांगा.

त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, तेंचा तुमका म्हायत. माझा मी सांगू? तेंका जल्मभर काय गावला? गिरण गेली, गावचा घर पडला. उंबऱ्यार बसान बसान गेले. नाव लागता तर लागांदे. माका येता-जाता बघूक तरी मिळात."

दत्ता, मी जाब मागत होतो, आणि त्यांना तू हवा होतास, भिंतीवर का होईना. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी म्हटलं, ठीक आहे वहिनी. आणि नगरसेवकाकडे जाऊन मीच सांगून आलो की घरच्यांचा होकार आहे. हे तुला पटणार नाही की पटेल, कुणास ठाऊक. आपलं हेही भांडण राहिलंच.

डॉक्टर नेमायला ज्यांना वर्षं लागतात त्यांना पाटी लावायला काही वेळ लागला नाही. ठराव मागाहून होईल म्हणाले, आधी पाटी. निळी, पांढऱ्या अक्षरांची, दारावर मधोमध. कै. दत्ताराम गणू परब दवाखाना. वहिनी रोज बाजारात जाताना वाट वाकडी करून तिथून जातात. एकदा त्यांना पदराने पाटीखालची जळमटं काढताना बघितलं. त्यांना किती बरं वाटतं ते दिसतं, आणि म्हणून मी गप्प बसतो.

पण दत्ता, तुला एक सांगायलाच पाहिजे, दुसऱ्या कुणाला सांगू. आता लोक दवाखाना म्हणतच नाहीत. नळावर बाया एकमेकींना विचारतात, "दत्ताराम परब उघडलं का गं?" दुसरी म्हणते, "छे, बंद." पोराला घेऊन धावत गेलेली बाई परत येऊन सांगते, "परबमध्ये नुसत्या लाल गोळ्या आहेत." कुणी म्हणतं, "अरे त्या दत्तारामच्या नादी लागू नको, सरळ बोरिवलीला जा." मी ऐकतो आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तुझ्या नादी लागून इथे माणसं वाचलीत रे. माझा बाप वाचलाय.

मागच्या आठवड्यात एक म्हातारी पाटीखाली उभी होती, टेकडीवरचीच. दाराला कुलूप. तिने पिशवीतलं जास्वंदीचं फूल काढलं, कडीत अडकवलं, आणि हात जोडून पुटपुटली, "परबा, आज तरी डॉक्टराक धाड रे." तिने तुलाच गाऱ्हाणं घातलं, दत्ता. तुला! मी तिथेच कट्ट्यावर बसलो. मला कळेना, हसू की काय करू. मी तुला म्हणत होतो ना, नोकराला देव करू नकोस? पालिकेवाल्यांनी तुझ्यापेक्षा मोठी चाल खेळली. त्यांनी तुलाच देव केलं. आता डॉक्टर नाही आला तर लोक तुझ्याकडे बघतात.

म्हणून परवा मी पुन्हा वॉर्ड ऑफिसात गेलो. जायचं त्राण नव्हतं. गुडघे दुखतात, बायको म्हणाली, जाऊ नका, काय फरक पडणार आहे. मलाही तसंच वाटत होतं, पण पाय गेलेच. खिडकीत नवा कारकून होता, मला न ओळखणारा. मी म्हटलं, आरोग्याची तक्रार आहे, दवाखान्याबद्दल.

"कुठला दवाखाना?"

"कांदिवली पूर्व. टेकडीखालचा."

"तसं नाही चालणार, काका. नाव सांगा. आता सगळे नावावर आहेत."

इतकी वर्षं मी त्या खिडकीशी घसा फोडलाय, दत्ता, पण परवा तोंड उघडेना. मागे रांग होती, कुणीतरी म्हणालं, बोला ना लवकर. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

"काय तक्रार?"

"बंद असतो," मी म्हटलं. "कुणी नसतं तिथे."

"कधीपासून?"

"तो जिवंत होता तेव्हापासून."

त्याला काही कळलं नाही. म्हणाला, साहेब राउंडला गेलेत, बसा. मी बसलो.